कोऱ्या बाटलीतलं पाणी

आमच्या कामात सगळ्यात महाग पाणी कोणतं, तर ज्यात काहीच नाही ते. प्रयोगशाळा ते तपासून, बाटलीत भरून, सील करून पाठवते. आपण ती बाटली विहिरीपाशी न्यायची, नळाशेजारी उभं राहून उघडायची, पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायचं, टोपण घट्ट लावायचं आणि बाकीच्या नमुन्यांबरोबर परत पाठवून द्यायचं. एवढा उद्योग कशासाठी, तर हवेतून, हातांतून, कपड्यांतून आपल्याकडून काही मिसळत असेल तर ते या पाण्यात उतरावं आणि आपली चोरी पकडली जावी. याला फील्ड ब्लँक म्हणतात. मी मनात कोरी बाटली म्हणते.

ऑगस्ट 2023 मध्ये माझी कोरी बाटली कोरी निघाली नाही.

आधी थोडं मागचं सांगते. एमएस्सी जिऑलॉजी झाल्यावर मी पारनेर तालुक्यात विहिरींच्या पाणीपातळ्या मोजायचं काम केलं. वजन बांधलेली टेप विहिरीत सोडायची, खाली डुबुक झालं की वाचायची, वहीत लिहायची आणि पुढच्या गावाची एसटी पकडायची. पाणी आहे की नाही, असलं तर किती खाली, एवढाच प्रश्न. पाण्यात काय आहे हे विचारायची चैन तिथे कुणाला नव्हती. आता मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एका सल्लागार कंपनीत आहे आणि इथे प्रश्न बरोबर उलटा आहे. पाणी बारा-पंधरा फुटांवर, हवं तेवढं. त्यात काय आहे ते सांगा.

काम होतं एका लहानशा विमानतळाभोवतीचं. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. शोधायचं होतं पीफास. कार्बन आणि फ्लोरिनच्या घट्ट बंधावर उभी असलेली ही हजारो मानवनिर्मित रसायनं. तव्याच्या लेपात, रेनकोटवर, खाण्याच्या कागदी वेष्टनात सापडतात आणि विमानतळावर आग विझवायच्या फोममध्ये. पेटलेल्या इंधनावर नुसतं पाणी मारलं तर इंधन पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. हा फोम मात्र इंधनावर पातळ पापुद्रा धरतो आणि हवा तोडतो. अमेरिकी नौदलाने 1960 च्या दशकात तो विकसित करून घेतला. 1967 साली यूएसएस फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर आग लागून 134 माणसं गेली, त्यानंतर त्याचा वापर झपाट्याने वाढला. पुढे नागरी विमानतळांनाही लष्करी निकषाचाच फोम ठेवणं भाग होतं. फ्लोरिन नसलेल्या फोमचा लष्करी निकष आला तो थेट जानेवारी 2023 मध्ये. हे मुद्दाम सांगते, कारण गावातल्या बैठकीत लोक अग्निशमन दलाच्या माणसांकडे डोळे वटारून बघत होते. ती माणसं नियमाप्रमाणे फोम उडवत होती. वर्षातून एकदा नोझल चालतं का ते बघायचं, म्हणजे फोम धावपट्टीशेजारच्या गवतावर सोडायचा. गवताखाली वाळू, वाळूखाली पाणी.

आणि त्या पाण्यात लोकांच्या विहिरी. विस्कॉन्सिनमधली जवळजवळ एक तृतीयांश माणसं खासगी विहिरीचं पाणी पितात. आपल्यासारखी विहीर डोळ्यांपुढे आणू नका. इथे दोन इंचांचा टोकदार लोखंडी नळ वाळूत ठोकतात, की झाली विहीर. खासगी विहिरीला केंद्राचा पेयजल कायदा लागू नाही. पाणी तपासायचं की नाही ते घरमालकाने ठरवायचं. याच राज्यात फ्रेंच आयलंड नावाचं बेट आहे, ला क्रॉस शहराचा विमानतळ त्याच बेटावर. तिथल्या विहिरींत हेच निघालं आणि 2021 पासून हजाराहून जास्त घरांना बाटल्यांचं पाणी द्यावं लागलं. आमच्या गावात ते नाव सगळ्यांना पाठ होतं. मी दारात उभी राहिले की पहिला प्रश्न, “आमचंही फ्रेंच आयलंड होणार का?”

नमुना घ्यायच्या दिवशीचं सोवळं बघितलं असतं तर माझी आजी खूश झाली असती. सकाळी सनस्क्रीन नाही, हँडक्रीम नाही, फ्लॉस नाही. कपडे सुती, निदान सहा वेळा धुतलेले, तेही सॉफ्टनर न घालता. वॉटरप्रूफ जॅकेट नाही, वॉटरप्रूफ वही नाही, चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या नाहीत. साधा कागद आणि बॉलपेन. बर्फही साधा, जेलच्या निळ्या पिशव्या चालत नाहीत. डबा दुसऱ्या गाडीत, आणि खाऊन झालं की हात धुवून नवे ग्लोव्ह्ज. आईने तीन वर्षांपूर्वी पाठवलेला, विटून पांढरा पडलेला कुर्ता या नियमांत इतका चपखल बसला की आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याने त्याची कौतुकाने नोंद केली.

एवढा जाच कशासाठी ते आकड्यांवरून कळेल. मोजमाप पीपीटीमध्ये, म्हणजे एक लिटर पाण्यात किती नॅनोग्रॅम. आईला फोनवर समजावताना मी खडकवासल्याचा हिशोब केला होता. धरण पूर्ण भरलं की जवळपास दोन टीएमसी पाणी. त्या सगळ्या पाण्यात 4 पीपीटी करायचं तर किती पावडर लागेल? सव्वादोनशे ग्रॅम. चहाच्या पुडीएवढी. आई गप्प झाली, मग म्हणाली, “मग तुरटी फिरवायची ना.” तुरटीने हे खाली बसत नाही. “उकळून?” उकळलं तर पाणी उडून जातं आणि हे मागे राहतं, म्हणजे थोडं दाटच होतं. “अगं मग करायचं काय?” कोळशाचा चांगला फिल्टर किंवा आरओ. “म्हणजे आपल्याकडे आहे तोच,” आई म्हणाली आणि तिच्यापुरता विषय संपला.

घरांच्या यादीत दोन प्रकार होते. विमानतळावरचं फोम उडवायचं मैदान आम्हाला माहीत होतं. नऊ निरीक्षण नळविहिरी खणून पातळ्या मोजल्या होत्या. पाणी आग्नेयेला नदीकडे वाहत होतं. पारनेरच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून जातं. दोन विहिरी वीस फुटांवर असल्या तरी एक भरलेली आणि एक कोरडी. वाळूत तसं नाही. तीन विहिरींच्या पातळ्या घेतल्या की शाळेतल्या भूमितीने उतार काढता येतो. पण उतार मैलाला दोन-तीन फूट, आणि दोन विहिरींत फरक बोटभर, त्यामुळे सगळ्या विहिरी एकाच दिवशी मोजायच्या, नाहीतर नदी चढली की बाण फिरतो. तर आग्नेयेकडची घरं म्हणजे संशयित. ईशान्येकडची पाच घरं घेतली होती ती फक्त तुलनेसाठी, स्वच्छ पाण्याचा नमुना म्हणून.

त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. मी सुती कपड्यांत भिजत होते. पाचव्या घरापाशी, म्हणजे ईशान्येच्या शेवटच्या घरी, थंडीने दात वाजायला लागले. गाडीत माझं जुनं रेनजॅकेट होतं, घरचं. मी ते घातलं. नमुना घेताना काढलं होतं, याची मला खात्री आहे. कोरी बाटली ओतताना काढलेलं होतं का? आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि वहीत लिहिलेलं नाही.

चार आठवड्यांनी निकाल आला. ईशान्येच्या पाचही घरांत पीफास. शेवटच्या घरात तर आग्नेयेकडच्या काही घरांपेक्षा जास्त. आणि त्याच घराच्या कोऱ्या बाटलीत एक लहान साखळीचं संयुग.

पुढच्या बैठकीत जे झालं ते अपेक्षितच होतं. अहवालाचे पैसे देणाऱ्यांच्या बाजूचा एक गृहस्थ, आवाज न चढवता, म्हणाला, “म्हणजे तुमच्या माणसांनीच ते तिथे नेलं, ही शक्यता आहे.” आमचा प्रकल्पप्रमुख माझ्याकडे बघत होता. जॅकेटचं मी आधीच सांगून टाकलं होतं. नियम स्पष्ट आहे: कोऱ्या बाटलीत मर्यादेबाहेर काही निघालं, तर त्या बाटलीबरोबरच्या नमुन्यांतलं ते संयुग बाद, पुन्हा नमुना घ्या. तांत्रिकदृष्ट्या बाद फक्त ते एक संयुग होतं. पीफॉस, पीएफएचएक्सएस या पीफासमधल्याच रसायनांचे मोठे आकडे त्यात नव्हतेच. कोऱ्या बाटलीत त्यांचा मागमूस नव्हता. शिवाय जॅकेटने नमुना बिघडणं वाटतं तितकं सोपं नाही, असं मला आजही वाटतं. पण अनपेक्षित जागी प्रदूषण सापडलं आणि त्याच बाटल्यांशेजारी माझं जॅकेट सापडलं, म्हटल्यावर कोण ऐकतं? मीच ऐकलं नसतं. ठरलं असं की पाचही घरांचे नमुने पुन्हा घ्यायचे आणि तोवर कुणालाही काही कळवायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये मी परत त्या पाचव्या घरी गेले. तिथे ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहतात. नवरा गेल्याला सहा वर्षं झालेली. विहीर त्यानेच ठोकलेली, घरामागच्या छपरात तो हातोडा अजून आहे. त्यांनी मला ओळखलं. “ती पावसात भिजलेली मुलगी!” नमुना घ्यायचा तो घरातल्या पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या आधीच्या नळावरून, म्हणजे तळघरात जावं लागतं. पंधरा मिनिटं पाणी सोडून द्यायचं, तापमान आणि वाहकता स्थिर झाली का बघायचं, मग बाटली धरायची, गळ्याला नळ लागू द्यायचा नाही. कोरी बाटली मी या वेळी हाफ शर्टात, कोपरापर्यंत उघड्या हातांनी ओतली. थंडीने कोपरं निळी पडली होती, पण वहीत लिहिलं: जॅकेट नाही.

वर आले तर टेबलावर दोन कप कॉफी.

आता माझी पंचाईत बघा. पहिल्या फेरीतला आकडा मला माहीत होता. तो खरा आहे की माझ्याच अंगाचा, हे मला माहीत नव्हतं. सांगायची मुभा नव्हती, आणि मुभा असती तरी काय सांगणार होते? बाई समोर बसून वाफाळता कप माझ्याकडे सरकवत होत्या. कुणाच्या घरी आलेला चहा नाकारायचा नाही, हे माझ्या हाडात आहे. पारनेरला तर उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचा चहा घेतला आहे, कारण नाही म्हटलं तर त्या घराचा अपमान. मी कॉफी प्यायले. पूर्ण. मनात एकीकडे हिशोब चालू होता की एका कपाने काही होत नाही, ही रसायनं रक्तात वर्षानुवर्षं साठत जातात, त्रास तो आहे. तोच हिशोब दुसऱ्या बाजूने केला की समोरच्या बाई चाळीस वर्षं हीच कॉफी पीत होत्या.

“पहिल्या वेळी काही चुकलं का?” त्यांनी विचारलं.

“माझ्याकडून एक चूक झाली होती,” मी म्हणाले. तेवढंच सांगण्यासारखं होतं.

दुसऱ्या फेरीचा निकाल यायच्या आधीच माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. पहिल्या फेरीतले आकडे नुसते जास्त नव्हते, त्यांची ठेवण वेगळी होती. फोमच्या पिढ्या असतात. जुना फोम ज्या पद्धतीने बनायचा त्यात पीफॉस आणि पीएफएचएक्सएस भरपूर, आणि रेणूंमध्ये सरळ साखळीबरोबर फांद्या फुटलेले रेणूही बऱ्यापैकी, साधारण सत्तर-तीसचं प्रमाण. त्याच्या मुख्य उत्पादकाने 2000 साली ते रसायन बंद करायचं जाहीर केलं. नंतरच्या फोमची रसायनं वेगळी. ईशान्येच्या विहिरींतली ठेवण जुनी होती. माझं जॅकेट चार वर्षांपूर्वीचं. जॅकेट असलं पाणी बनवू शकत नाही. पण मग हा जुना फोम ईशान्येला आला कुठून? माहीत असलेलं मैदान तर दक्षिणेला.

कागदपत्रांत काही सापडेना. जुनी हवाई छायाचित्रं पाहिली, पण त्या काळातली दोनच होती आणि दोन्ही धूसर. शेवटी कुणीतरी विमानतळाच्या निवृत्त अग्निशमन कर्मचाऱ्याचा फोन नंबर दिला. गावातल्या एका साध्या खानावळीत भेटलो. पंचाहत्तरीचा माणूस, बोटं जाड, आवाज बसलेला. पहिली दहा मिनिटं सावध होता, आपल्याला आरोपी करायला आले आहेत असं वाटत असावं. मी फोमबद्दल विचारायचं सोडून गाड्यांबद्दल विचारलं, मग खुलला. “ए-ट्रिपल-एफ,” तो फोमला म्हणायचा. “आम्हाला सांगितलं होतं, साबण आहे. उरलेल्या फोमने आम्ही गाड्या धुवायचो. छान निघायच्या.”

सराव कुठे करायचात, विचारलं. ताटाखालचा कागद त्याने उलटा केला आणि धावपट्टी काढली, दोन रेघा. मग हँगर. मग कॉफीचा कप उचलून त्याने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ठेवला, जरा दाबला, उचलला. तपकिरी वर्तुळ उमटलं.

“हा खड्डा. भोवती मातीचा बांध. खराब झालेलं इंधन ओतायचो, पेटवायचो, विझवायचो. कधी कधी एकाच शनिवारी तीनदा. मग तो बुजवला. आता तिथे लोक गाड्या लावतात.”

लाँग-टर्म पार्किंग. नकाशावर कागद ठेवून बघितला तर ते वर्तुळ ईशान्येच्या पाच घरांच्या वरच्या अंगाला येत होतं. पाणी तिथून आग्नेयेलाच वाहतं, पण खड्डाच आम्ही धरला होता त्याच्या बराच उत्तरेला होता, त्यामुळे ज्यांना आम्ही प्रवाहाच्या बाहेर धरलं होतं ती घरं त्याच्या अगदी तोंडावर होती. बाण बरोबर होता, सुरुवात चुकीच्या जागी होती. त्याने मला तो कागद दिला. मी त्याचा फोटो काढला, तारीख टाकली, सही घेतली. अहवालाच्या परिशिष्टात तो कॉफीच्या डागासकट आहे. पुढे पार्किंगमध्ये डांबर फोडून माती काढली तेव्हा डागाच्या आतल्या बाजूला, आठ फुटांवर, जळकट काळा थर लागला. ड्रिलरने कोअर उघडून माझ्या नाकाखाली धरला. इतक्या वर्षांनीही रॉकेलसारखा वास येत होता. पीफासला वास नसतो; तो वास जळलेल्या इंधनाचा.

दुसऱ्या फेरीचा निकाल नोव्हेंबरात आला. कोरी बाटली कोरी. पाचही घरांत आकडे जवळपास तेच. बैठकीत त्या गृहस्थाने पान उलटलं आणि पुढचा विषय काढला.

मग पत्रं गेली, आणि इथे गंमत सुरू झाली, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही. केंद्राची 2016 ची सल्ला-मर्यादा होती 70 पीपीटी. राज्याच्या आरोग्य खात्याची शिफारस 20 ची. 2022 च्या फेब्रुवारीत राज्याच्या मंडळाने नळयोजनांसाठी 70 मान्य केलं, भूजलाचा निकष मात्र मंजूर झाला नाही. बाईंच्या विहिरीचा आकडा दोन आकडी होता, पण विशीच्या आत. त्यामुळे पत्राची भाषा शांत होती. त्यांनी ते फ्रिजवर चुंबकाने लावलं. एप्रिल 2024 मध्ये केंद्राने पीफॉस आणि त्याच्याच कुटुंबातलं पीफोआ प्रत्येकी 4 अशी मर्यादा जाहीर केली, नळयोजनांसाठी. खासगी विहिरीला ती लागू नाही, पण फोन तर येणारच. बाटली तीच, पाणी तेच, विहीर तीच, आणि बाईंचं पाणी एका बुधवारी बरं होतं ते वाईट झालं.

मे महिन्यात त्यांच्याकडे गेले ते सिंकखालचा फिल्टर बसल्यावर नमुना घ्यायला. ओट्याशेजारी बाटल्यांच्या पाण्याचे खोके भिंतीला लावून रचलेले होते, फिल्टरवर अजून विश्वास बसला नव्हता. त्या मला काही बोलल्या नाहीत. रागही नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. फक्त म्हणाल्या, “त्या दिवशी तुला माहीत होतं का?”

मी हो म्हणाले. मग म्हणाले, माहीत होतं, पण खात्री नव्हती.

“आणि तरी कॉफी प्यायलीस.”

“हो.”

त्या उठल्या, निकालाचा कागद फ्रिजवरून काढला आणि चष्मा लावून बघायला लागल्या. त्यांच्या विहिरीच्या रांगेत आकडे, आणि खालच्या रांगेत सगळीकडे एनडी, एनडी, एनडी, म्हणजे नॉट डिटेक्टेड. बोट तिथे टेकवलं. “हे कुणाच्या घरचं?”

मी सांगितलं की ते घर नाही, ती कोरी बाटली. त्यांच्याच तळघरात मी ओतलेली.

“म्हणजे यात काहीच नाही?”

“सापडण्याइतकं काही नाही.”

त्यांनी परत एकदा ती रांग शेवटपर्यंत वाचली. “हे पाणी मिळतं कुठे?”

प्रयोगशाळेतून येतं, मी म्हणाले, पाव लिटरची बाटली. त्यांनी कागद परत फ्रिजवर लावला, खोक्यातली एक बाटली फोडली आणि किटली भरली.